न्यूट्रॉनची दृष्टी आणि पाण्याचा पडदा : एक चिकित्सा

बंद पेटी न उघडता तिच्यातील स्फोटके किंवा अमली पदार्थ ओळखणारे साधन म्हणून न्यूट्रॉन-शलाकेचे वर्णन लोकप्रिय विज्ञानलेखनात पुष्कळदा दिव्यदृष्टीच्या थाटात केले जाते. नाशिक जिल्ह्याच्या संदर्भात या वर्णनाची चिकित्सा अगत्याची ठरते. येथील द्राक्षे व कांदे कंटेनरमधून जवाहरलाल नेहरू बंदरात पोहोचतात व तेथून परदेशी जातात. अशा मालात काही दडविले असेल तर ते न्यूट्रॉनला दिसेल काय, हा प्रश्न त्यामुळे केवळ पाठ्यपुस्तकी राहत नाही.

क्ष-किरणांचा संबंध अणूतील इलेक्ट्रॉनांशी येतो, म्हणून जड मूलद्रव्ये त्यांना ठळक दिसतात आणि हायड्रोजन जवळजवळ दिसतच नाही. विद्युतभाररहित न्यूट्रॉन थेट अणुकेंद्रकाशी भिडतो. मंदगती न्यूट्रॉनांना काही सेंटिमीटर जाडीचे शिसे पार करता येते. मात्र काही मिलिमीटर पाणी त्यांची शलाका लक्षणीयरीत्या क्षीण करते. हायड्रोजनचे केंद्रक न्यूट्रॉनइतक्याच वस्तुमानाचे असते. सारख्या वजनाची गोटी गोटीवर आदळावी तशी ही टक्कर होते व एका आघातातच न्यूट्रॉन बरीचशी ऊर्जा गमावून बसतो.

स्फोटकांच्या शोधात मुख्य आधार नायट्रोजनचा घेतला जातो. आरडीएक्समध्ये वजनाने सुमारे ३८ टक्के नायट्रोजन असतो. नायट्रोजनच्या केंद्रकाने मंद न्यूट्रॉन सामावून घेतला की १०.८ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा गॅमा किरण बाहेर पडू शकतो, आणि इतक्या ऊर्जेचा किरण ही सहसा नायट्रोजनचीच खूण मानता येते. डिसेंबर १९८८ मध्ये लॉकर्बी येथे विमानातील बॉम्बस्फोटात २७० जणांचा बळी गेला. त्यानंतर १९८९ मध्ये न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर याच तत्त्वावरचे यंत्र बसविण्यात आले. परंतु लोकर व चामडे यांतही नायट्रोजन असतो. निरुपद्रवी सामानावरही यंत्र इशारा देई आणि अल्प प्रमाणातील स्फोटक त्याच्या नजरेतून सुटण्याचा धोका राही. मूलद्रव्य ओळखणे म्हणजे पदार्थ ओळखणे नव्हे, हा त्या प्रयोगाचा खरा धडा होता.

कांद्याच्या कंटेनरपाशी अडचण निराळीच आहे. कांद्यात ८५ टक्क्यांहून अधिक पाणी असते. द्राक्षांतही पाण्याचाच भाग मोठा. बाहेरून सोडलेले न्यूट्रॉन पहिल्या काही थरांतच मंदावतात, विखुरतात व शोषले जातात. १४ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टचे वेगवान न्यूट्रॉन अधिक खोल जातात आणि कार्बन-ऑक्सिजनच्या प्रमाणावरून पदार्थाचा अंदाज देतात खरे, पण पाण्यातील ऑक्सिजनचा संकेत तेथेही इतर सर्वांवर मात करतो. लोखंडी यंत्रांच्या पेट्यांत जे साधन उजवे ठरते, तेच नाशिकच्या मालापुढे दुबळे पडते. शिवाय मार्च १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांतील आरडीएक्स रायगडच्या किनाऱ्यावर उतरविले गेले, ते यंत्राच्या अभावामुळे नव्हे. त्या प्रकरणात सीमाशुल्क व पोलीस खात्यांतील काही जण पुढे न्यायालयात दोषी ठरले.

एका गैरसमजाचाही येथे विचार करावा लागतो. लासलगाव येथील विकिरण केंद्र २००२ पासून परिचित आहे. तेथे कोबाल्ट-६० चे गॅमा किरण वापरले जातात. त्यांनी कांदा किरणोत्सारी होत नाही. न्यूट्रॉनबाबत हे विधान जसेच्या तसे करता येत नाही, कारण न्यूट्रॉन सामावून घेतलेले सोडियमचे केंद्रक किरणोत्सारी होते. तपासणीच्या मात्रेत हा परिणाम अत्यल्प असतो आणि सोडियम-२४ चा अर्धायुकाल सुमारे १५ तासांचाच आहे. तरीही दोन्ही किरणांना एकाच मापाने मोजणारे लेखन वाचकाची दिशाभूल करते. (कोबाल्ट-६० स्वतः मात्र अणुभट्टीत न्यूट्रॉनांच्याच माऱ्याने घडतो.)

हायड्रोजनविषयीची ही संवेदनशीलता तपासनाक्यावर अडसर ठरते, पण पदार्थाच्या अभ्यासात तेच न्यूट्रॉनचे मोठे सामर्थ्य आहे. तुर्भे येथील सायरस अणुभट्टी १९६० मध्ये कार्यान्वित झाली. पी. के. अय्यंगार यांनी कॅनडात बर्ट्राम ब्रॉकहाउस यांच्यासमवेत काम केले होते आणि भारतातील न्यूट्रॉन-विकिरणनाच्या संशोधनाचा पाया घातला. ब्रॉकहाउस यांना पुढे १९९४ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. राजगोपाल चिदंबरम व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमिनो आम्लांच्या स्फटिकांत हायड्रोजनचे अणू नेमके कोठे असतात, याचा न्यूट्रॉनांच्या साहाय्याने वेध घेतला. असे असूनही सायरसचे नाव निघते ते १९७४ च्या पोखरणमधील प्लुटोनियमसाठी, आणि चिदंबरम यांचे अणुचाचण्यांसाठी. मराठीत न्यूट्रॉन केंद्रक फोडणारा म्हणूनच अधिक ओळखला गेला. पाहणारा म्हणून त्याची ओळख तोकडीच राहिली.

सायरस २०१० च्या अखेरीस बंद झाली. १९८५ मध्ये कार्यान्वित झालेल्या १०० मेगावॉटच्या ध्रुव अणुभट्टीतील शलाका विद्यापीठीय संशोधकांनाही उपलब्ध करून देण्यात आल्या असून त्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोग व अणुऊर्जा विभाग यांचा संयुक्त संघ मुंबईत कार्यरत आहे. नाशिकच्या एखाद्या रसायनशास्त्र विभागाने तयार केलेल्या नमुन्यातील हायड्रोजन-बंध तपासण्याचा प्रस्ताव या मार्गाने जाऊ शकतो. विमानतळावरील दिव्यदृष्टीच्या वर्णनांत मात्र तुर्भ्याच्या या दालनाचा उल्लेख सहसा आढळत नाही.