हेरकथेचे खेळ आणि नवखा खेळाडू

हेरकथा हा प्रकार मराठी वाचकास नवा नाही. बाबूराव अर्नाळकरांनी एकट्याने सहस्राहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड यांच्या पराक्रमांची पुस्तके वडीलधाऱ्यांची नजर चुकवून वाचणारी एक सबंध पिढी आपल्याकडे होऊन गेली, आणि त्या पिढीतील पुष्कळ जण पुढे गंभीर वाङ्मयाचेही चांगले वाचक झाले. या हेरकथेस गेल्या चाळीसएक वर्षांत एक धाकटे भावंड लाभले आहे. ते म्हणजे संगणकाच्या पडद्यावर खेळावयाचा रहस्यशोधाचा खेळ. पडद्यावर एखादी खोली, एखादी गल्ली, एखादे ओसाड बेट दिसते. खेळणाऱ्याने तेथील वस्तूंवर टिचकी मारून त्या न्याहाळावयाच्या, काही उचलून पोतडीत टाकावयाच्या, भेटेल त्या माणसास प्रश्न विचारावयाचे, आणि जे हाती लागेल त्याची सांगड घालून पुढचे दार उघडावयाचे. येथे बंदूक चालविण्याचे चापल्य लागत नाही. दृष्टी, स्मरण आणि विचार एवढेच भांडवल पुरते.

वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकात अशा खेळांची चर्चा कशाला, असे कोणी विचारील. यांत कथानक आहे, पात्रे आहेत, संवाद आहेत, स्थळकाळाचे चित्रण आहे; मग कादंबरीस आपण ज्या कसोट्या लावतो त्या यांस लावण्यास प्रत्यवाय कोणता? शिवाय आपण परीक्षण केले काय किंवा न केले काय, ते घरात येतातच. सातारा-सांगलीकडील सुशिक्षित कुटुंबांत या बाबतीत दोन टोके दिसतात. काही आईबाप खेळ तेवढा त्याज्य मानतात, तर काही जण मुलगा गप्प बसला म्हणजे झाले, एवढ्याच हिशेबाने वाटेल ते हाती देतात. पुस्तकांच्या बाबतीत हेच लोक असे वागत नाहीत. तेथे ते निवड करतात.

निवडीचे महत्त्व पहिल्या खेळापाशी सर्वांत अधिक. महाविद्यालयात इंग्रजी शिकविताना मला वर्षानुवर्षे एक प्रकार दिसत आला आहे. विद्यार्थी मूळ नाटक उघडण्यापूर्वी बाजारातील मार्गदर्शक उघडतो. तो आळशी असतो म्हणून नव्हे. आपण स्वतः विचार करून काही सापडणार नाही, अशी त्याची शाळेपासून खात्री पटलेली असते म्हणून. वाईट बेतलेला हेरखेळ हीच खात्री अधिक पक्की करतो. या प्रत्येक खेळाची संपूर्ण उकल इंटरनेटवर फुकट मिळते. पहिल्याच खेळात मुलाने चार वेळा डोके खाजवले, चारही वेळा उत्तर निव्वळ लहरी निघाले, तर पाचव्या वेळी ते विचार करीत नाही, उकल उघडते. आणि एकदा ती सवय लागली की चांगला खेळही त्याच्या दृष्टीने वाया जातो.

यास्तव माझी कसोटी एकच आहे : खेळ न्यायाचा आहे की नाही. ‘न्याय’ हा शब्द मी दोन्ही अर्थांनी योजीत आहे. आपल्या वाईत प्राज्ञपाठशाळेने शास्त्राध्ययनाची परंपरा चालविली आणि लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्यासारखे तर्कतीर्थ तेथे वावरले, तेव्हा या भागातील वाचकास अनुमान म्हणजे काय हे फार विस्ताराने सांगावयास नको. डोंगरावर धूर दिसतो म्हणून तेथे अग्नी आहे, हे अनुमान. ते करावयाचे तर धूर आधी दिसला पाहिजे, आणि धूर तेथे अग्नी ही व्याप्ती पाहणाऱ्यास ठाऊक पाहिजे. खेळात हे दोन्ही नसेल, तर खेळणारा अनुमान करीत नसून अंधारात दगड मारीत असतो, आणि चुकून लागलेल्या दगडाचे कसले आले आहे कौतुक?

अन्यायाचे उदाहरण शोधण्यास दूर जावे लागत नाही. ‘गेब्रिएल नाइट’ या मालिकेचा तिसरा खेळ 1999 साली आला. त्यात नायकास एका परिचिताचे सोंग घेऊन भाड्याने मोटारसायकल मिळवावयाची आहे. त्यासाठी मांजरास पाण्याच्या फवाऱ्याने हुसकावून, त्याचे केस चिकटपट्टीवर अडकवून, साखरेच्या पाकाने त्या केसांची मिशी ओठावर डकवावयाची! बरे, ज्याचे सोंग घ्यावयाचे त्या गृहस्थास मिशीच नाही. म्हणून त्याच्या पारपत्रावरील छायाचित्रास पेनाने मिशी काढावयाची. लेखिका जेन जेन्सन यांच्या कथारचनेविषयी मला आदर आहे, पण या प्रसंगी धूर एका डोंगरावर आणि अग्नी दुसऱ्याच डोंगरावर आहे. ‘किंग्ज क्वेस्ट’चा पाचवा भाग (1990) याहून निर्दय. आरंभी एक मांजर उंदराचा पाठलाग करताना क्षणभर दिसते. त्याच क्षणी मांजरावर जुना जोडा फेकून उंदीर वाचविला नाही, तर पुढे कितीतरी वेळाने नायक तळघरात बांधून पडतो, दोर कुरतडण्यास उंदीर येत नाही, आणि खेळ तेथेच संपतो. आपली चूक कोणती आणि ती कधी झाली, हे खेळणाऱ्यास कळण्याचा मार्गच नाही.

हा दोष त्या काळीही जाणत्यांच्या ध्यानात आला होता. रॉन गिल्बर्ट या अमेरिकन रचनाकाराने 1989 साली या खेळप्रकारावर एक खरमरीत टीकालेख लिहिला. त्यातील एक सूत्र मला फार मोलाचे वाटते : कुलूप आधी दिसावे, किल्ली मागून. किल्ली आधी उचलावयास लावली की खेळणारा विचार सोडून पडद्यावरील प्रत्येक वस्तू पोतडीत भरू लागतो. पुढच्याच वर्षी त्याने ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’ हा खेळ काढून आपले म्हणणे करून दाखविले. त्यात नायकास मरणे जवळजवळ अशक्य आहे. पाण्याखाली तो दहा मिनिटे श्वास रोखू शकतो, आणि तेवढा वेळ त्यास तेथेच ठेवण्याइतका खेळणारा निष्काळजी असला तरच तो बुडतो. या खेळातील तलवारयुद्ध तर आपल्याकडील रसिकाने अवश्य पाहावे. तेथे जय होतो तो हाताच्या चपळाईने नव्हे, तर प्रतिपक्षाच्या टोमण्यास चपखल प्रत्युत्तर दिल्याने. पठ्ठे बापूरावांच्या रेठरे हरणाक्षाकडील माणसास हा कलगीतुऱ्याचाच सवाल-जवाब वाटेल. अडचण एवढीच की विनोद सारा इंग्रजीतील शब्दांवर खेळतो, आणि ज्यास ती भाषा अंगवळणी पडलेली नाही त्यास हसू कशाचे येते तेच उमगत नाही.

भाषेची ही अडचण आपल्याकडे गौण मानून चालणार नाही. मिरजेच्या किंवा कोरेगावच्या मराठी शाळेतील हुशार मूल कोड्यात हरत नाही, वाक्यात हरते. आणि आपण मठ्ठ आहोत असा ग्रह करून घेते. म्हणून नवख्याच्या हाती प्रथम ‘मशिनेरियम’ (2009) द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. हा झेक कलावंतांचा खेळ आहे, आणि त्यातील कथा शब्दांवाचून सांगितलेली आहे. भंगारात फेकलेला एक लहानसा यंत्रमानव स्वतःचे अवयव जुळवून गंजलेल्या नगरीत परततो. त्याचे मनोगत डोक्यावरील बुडबुड्यात रेखाटलेल्या चित्रांतून कळते. तो हात पोचेल तेवढीच वस्तू घेऊ शकतो, म्हणून टिचक्या मारीत सुटण्याची सोय नाही; आधी कोठे उभे राहावयाचे याचा विचार करावा लागतो. अडलेल्यास इशारा मिळतो, आणि पुरती उकल देणारे पुस्तकही आहे. पण ते उघडण्यास एक कंटाळवाणा उपखेळ खेळावा लागतो. रचनाकाराचा हा खट्याळपणा मला अतिशय आवडला. उत्तर नाकारलेले नाही, महाग केले आहे. दोष म्हणाल तर अधूनमधून सोंगट्यांची कोडी घुसडली आहेत. त्यांचा कथेशी काडीचा संबंध नाही, आणि तेवढा वेळ गोष्ट उंबऱ्यात उभी राहते.

यानंतर इंग्रजी बऱ्यापैकी वाचणाऱ्या थोर मुलाने ‘द केस ऑफ द गोल्डन आयडल’ (2022) घ्यावा. थोर मुलाने म्हणतो, कारण यात एकामागून एक मृत्यू आहेत आणि ते सौम्य नाहीत. अठराव्या शतकातील एका सुवर्णमूर्तीच्या पायी घडलेल्या या घटना. प्रत्येक प्रकरणी मृत्यूच्या सुमाराचा क्षण गोठवून समोर ठेवलेला असतो. खेळणाऱ्याने माणसांचे खिसे, पत्रे, भिंतीवरील सूचना तपासून नावे व क्रियापदे गोळा करावयाची आणि घटनेच्या वृत्तान्तातील गाळलेल्या जागा भरावयाच्या. गाळलेल्या जागा हा आमच्या परीक्षांतला सर्वांत निर्जीव प्रश्न. पण येथे तो जिवंत झाला आहे. कोणी कोणास मारले एवढे ओळखून भागत नाही. का आणि कशाने, हेही बसले पाहिजे. उत्तर जवळ आले असता दोन किंवा त्यांहून कमी चुका उरल्या आहेत, इतकेच खेळ सांगतो. कोणत्या, ते सांगत नाही. थोडक्यात, हेत्वाभास आहे एवढे शिक्षक दाखवितो, तो शोधण्याचे काम विद्यार्थ्याचे. शब्द थोडे उरले म्हणजे आलटूनपालटून बसवून पाहण्याचा मोह होतो, आणि काही प्रकरणांत तो फळतोही. एवढी फट राहिली आहे.

इंग्लंडातील ‘ब्रोकन सोर्ड’ (1996) हा कथारसाच्या दृष्टीने या सर्वांत श्रीमंत. पॅरिसमधील कॅफेत विदूषकाच्या वेषातील इसमाने केलेला स्फोट, आणि तेथून टेंपल सरदारांच्या रहस्यापर्यंतचा प्रवास. चित्रे हातांनी काढलेली, संवाद खुसखुशीत. परंतु आयर्लंडातील किल्ल्यापाशी एक बोकड आडवा येतो, आणि तो कित्येकांना अजून विसरता आलेला नाही. तोवर सारा खेळ सावकाश विचार करावयास शिकवितो, आणि तेथे एकाएकी ऐन क्षणी टिचकी मारण्याची त्वरा मागतो. कोडे कठीण असण्यास माझी हरकत नाही. खेळाने स्वतःच घालून दिलेला नियम मोडण्यास आहे. तेवढ्या जागी वडीलधाऱ्याने खुशाल उत्तर सांगून टाकावे.

‘हर स्टोरी’ (2015) ची कीर्ती मोठी आहे, आणि ती यथार्थही आहे. 1994 सालच्या पोलीसजबानीच्या चित्रफितींचे तुकडे, शोधावयास एक रिकामी चौकट. आपण शब्द लिहावयाचा, तो शब्द ज्यांत उच्चारला गेला असे पहिले पाच तुकडे तेवढे दिसतात. कल्पना अपूर्व आहे. तरीही नवख्यास मी तो सुचविणार नाही. आपण काढलेला निष्कर्ष बरोबर की चूक, याचा निवाडा तो शेवटपर्यंत करीत नाही. ही संदिग्धता पचविण्यास आधी निवाड्याची चव घेतलेली असावी लागते.

आणि ‘रिटर्न ऑफ द ओब्रा दिन’ (2018). लुकस पोप या एकट्या माणसाची ही मुख्यत्वे निर्मिती आहे. वर्ष 1807, हरवलेले एक जहाज इंग्लंडच्या किनाऱ्यास लागते, त्यावर जिवंत कोणी नाही. आपण ईस्ट इंडिया कंपनीचे विमा-निरीक्षक. प्रेतापाशी धरताच मृत्यूचा क्षण दाखविणारे एक घड्याळ आणि एक वही, एवढ्या साधनांनी साठ माणसांची नावे आणि त्यांचे प्राक्तन लिहून काढावयाचे. बोलण्याचा हेल, पोशाख, झोपण्याच्या झोळीवरील आकडा, यांवरून माणूस ओळखावा लागतो. त्यांत भारतीय खलाशीही आहेत, आणि इतिहासाच्या पुस्तकात ज्यांस नाव नसते त्यांची नावे शोधताना मन गंभीर होते. तीन माणसांचे प्राक्तन एकदम अचूक लिहिल्याशिवाय खेळ मान डोलवीत नाही, त्यामुळे आंधळ्या अंदाजास फारसा वाव राहत नाही. माझ्या मते या प्रकारातील ही सर्वश्रेष्ठ कृती होय. पण श्रेष्ठ कृती ही पहिली कृती असावी असे नाही; उत्तररामचरितापासून संस्कृतचा आरंभ कोणी करीत नाही.

हे सारे खेळ परदेशीय भूमीवर घडतात, याचे मला वैषम्य वाटते ते स्वदेशाभिमानापोटी नव्हे. अनुमानास व्याप्ती लागते, आणि व्याप्ती ही ओळखीच्या जगात पक्की असते. आमच्या सांगलीजवळील हरिपूरची हळदीची पेवे घ्या. 2005 च्या महापुराने त्यांची मोठी हानी केली. तरी पेव म्हणजे काय हे येथील जुन्या माणसास सांगावे लागत नाही. पेव उघडल्याबरोबर कोणी आत उतरत नाही. कोंडलेली हवा आधी जाऊ द्यावी लागते. आता कल्पना करा : पेवाच्या तळाशी व्यापाऱ्याचे प्रेत, अंगावर जखम नाही, शेजारी तेल शिल्लक असूनही विझलेला कंदील. न्यायी रचनाकार एखाद्या आधीच्या दृश्यात उघड्या पेवाच्या तोंडाशी विडी ओढीत थांबलेला हमाल दाखवील, आणि त्याविषयी अवाक्षर बोलणार नाही. लिंबची बारा मोटांची विहीर, तिच्या पोटातील नक्षीदार खांबांचा तो महाल, हे तर आयतेच दृश्य आहे. पुण्याच्या रचनाकारांनी 2020 साली ‘राजी’ हा पराक्रमाचा खेळ काढून आपल्या पुराणांचे व वास्तूंचे चित्रण जगापुढे नेले, तेव्हा कारागिरीची उणीव आहे असे म्हणता येणार नाही.

तूर्त दिवाळीच्या सुटीत ‘मशिनेरियम’ आणावा. शेजारी एक वही ठेवावी, आईबापांनी जवळ बसावे, आणि मूल अडले तर निदान एक रात्र जाऊ द्यावी. ‘ओब्रा दिन’ पुढील मे महिन्यासाठी राखून ठेवण्यास हरकत नाही.