डबा लपवणाऱ्याची जबाबदारी

मे २००० च्या आरंभी अमेरिकन सरकारने जीपीएस उपग्रहांच्या संदेशांत मुद्दाम मिसळलेली चूक काढून टाकली. नागरी उपकरणांची अचूकता सुमारे १०० मीटरवरून एकदम २० मीटरच्या आसपास आली. ती पडताळून पाहण्यासाठी ३ मे रोजी ऑरेगन राज्यात डेव्ह उल्मर यांनी एक बादली रानात अर्धवट पुरली आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. जिओकॅशिंग हा खेळ असा जन्मला.

भूगोल, गणित आणि पायपीट एकत्र आणणारा हा खेळ शिक्षकांना आवडावा असाच आहे. आम्हालाही तो आवडतो. म्हणूनच संरक्षित वनांच्या संदर्भात त्याचे नियम तपासून पाहायला हवेत.

नियम सुधारत गेले आहेत, हे मान्य केले पाहिजे. उल्मर यांच्या बादलीत खाण्याचा डबाही होता. आज खाद्यपदार्थ ठेवायला आणि डब्यासाठी जमीन खणायला मनाई आहे. जागेच्या मालकाची परवानगी लागते. दोन डब्यांत १६१ मीटर अंतर राखावे लागते. शोधणाऱ्याने वाटेतला कचरा उचलावा, अशीही प्रथा आहे. पण दोन डब्यांतले अंतर मोजणारे हे सर्वसाधारण नियम डबा पायवाटेपासून किती दूर असावा, हे मात्र सांगत नाहीत. आमचा आक्षेप नेमका इथे आहे.

इंग्लंडमधील जुन्या जंगलांचे उदाहरण घेऊ. तिथे वसंतात, झाडांना पूर्ण पालवी फुटण्याआधी, ब्लूबेलची निळी फुले जमीन झाकून टाकतात. त्या थोड्या उन्हाच्या काळात पाने जे अन्न तयार करतात, त्यावरच जमिनीतला कंद पुढच्या वर्षासाठी पोसला जातो. पाने चिरडली की कंद उपाशी राहतो. बी रुजल्यापासून फूल यायला पाच वर्षे तरी लागतात.

‘वर्षभरात चार-दोन डझन माणसे येणार, त्यांनी काय बिघडते?’ हा युक्तिवाद इथे टिकत नाही. तुडवण्याचे नुकसान पावलांच्या संख्येच्या प्रमाणात वाढत नाही. अस्पर्श जमिनीवर बरेचसे नुकसान पहिल्या थोड्या फेऱ्यांतच होते. पुढच्या फेऱ्या त्यात थोडीच भर घालतात. म्हणून रुळलेल्या वाटेवरून शंभर जण गेले तरी चालते, पण वाट सोडून गेलेले वीस जण महाग पडतात.

त्यात उपकरणाच्या मर्यादेची भर पडते. मोकळ्या आकाशाखाली चांगल्या फोनची चूक साधारण ५ मीटर असते. दाट झाडीत पाने व खोडे संदेश क्षीण करतात, काही संदेश परावर्तित होऊन उशिरा पोचतात आणि चूक वाढते. ती १० मीटर धरली, तर शोधाचे वर्तुळ ७९ चौरस मीटरवरून ३१४ चौरस मीटर होते. चूक दुप्पट, तुडवण्याचे क्षेत्र चौपट! शोधणारा कितीही सज्जन असला तरी हे क्षेत्र त्याला धुंडाळावेच लागते. वाटेतली झाडांची ढोली तो चाचपून पाहतो आणि ढोलीत तर वटवाघळे विसावलेली असू शकतात.

तेव्हा ‘जबाबदारीने शोधा’ हा उपदेश अपुरा आहे. वनाचे किती नुकसान होणार, हे डबा लपवला जातो त्याच वेळी बरेचसे ठरलेले असते. डबा वाटेवरून हात पोचेल इतका जवळ ठेवावा, नेमकी खूण सांगावी, फुलांच्या हंगामात तो काढून घ्यावा. अतिसंवेदनशील जागी डबाच नको. २००४ पासून ‘अर्थकॅश’ हा प्रकार आहे. त्यात डबा नसतो. खडक किंवा भूरूप पाहून प्रश्नांची उत्तरे द्यायची असतात. संरक्षित वनाला हाच प्रकार शोभतो.

शिक्षकांनी हे शाळेच्या मैदानात करून पाहावे. एकाच जागेचे अक्षांश-रेखांश दहा मुलांनी दहा वेळा नोंदवावेत, आधी उघड्यावर, मग झाडाखाली. ठिपके कागदावर मांडून त्यांना सामावणारे वर्तुळ काढावे आणि विचारावे: या वर्तुळात रोपे असती, तर डबा कुठे ठेवला असता?

या प्रश्नाचे उत्तर देता आले, की मगच मुलांना वनात न्यावे.