बिनडोळ्यांचा पहारेकरी

आमच्या गावाचं नावच धाड. त्यामुळे पोलीस, तुरुंग, कैदी या विषयांवर मत देणं हा आम्हा धाडकरांचा जन्मसिद्ध हक्क! १९६७ चा ‘कूल हँड ल्यूक’ बघून मीही तो बजावतो आहे.

या ल्यूकचा, म्हणजे पॉल न्यूमनचा, गुन्हा काय? तर दारूच्या नशेत पार्किंग मीटरांची मुंडकी उडवली. आता आमच्या बाजारात गाडी कुठं सोडलीत म्हणून यंत्र पैसे मागत नाही, तेव्हा हा गुन्हा काही मनाला पटेना. पुढं हा गडी पैजेखातर तासाभरात ५० उकडलेली अंडी रिचवतो. लोकांना ती अंडी आठवतात. मला आठवतो तो आरशासारखा चष्मा लावलेला पहारेकरी. त्याच्याकडं बघावं तर आपलंच तोंड दिसतं.

आपल्या शांतारामबापूंनी दहा वर्षं आधीच, १९५७ मध्ये, ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. औंध संस्थानातल्या स्वतंत्रपूरच्या खऱ्या प्रयोगावरून. उघडा माळ, सहा खुनी आणि पहाऱ्याला फक्त जेलरचे डोळे. पळायला निघालेले कैदी त्या डोळ्यांपायी मागं फिरतात. सुंदरच! पण सहांतला एकही धड उलटून बोलत नाही हो. बंडखोरी सगळी जेलरनंच करायची, बैलाशी झुंजही त्यानंच घ्यायची. त्या झुंजीत बापूंच्या खऱ्या डोळ्यांना इजा झाली.

ल्यूक तीनदा पळतो. मागं फिरावं असे डोळेच तिथं नाहीत. त्याला बापूंच्या माळावर धाडला असता, तर भाजीचं राहू द्या, आधी जेलरशीच अंड्यांची पैज लावून बसला असता!