शाळकरी पोराची शिट्टी : एका उपमेची परीक्षा

पक्षी डोळ्यांनी ओळखायचा तर चित्र पुरते. कानांनी ओळखायचा तर छापील पुस्तक काय करणार? डॉ. सलीम अली यांच्या १९४१ साली प्रथम निघालेल्या 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स' या ग्रंथाने सह्याद्रीतल्या शीळकरी कस्तुरासाठी शिट्टी वाजवत हिंडणाऱ्या शाळकरी पोराची उपमा वापरली. ती त्यांची स्वतःची नव्हे. युरोपीय मंडळींत ती पूर्वीपासून रूढ होती. पण त्यांनी ती ठेवली, हे योग्यच झाले.

पावशाचे 'पेर्ते व्हा' अक्षरांत बसते, कारण त्याची ओळ ठरलेली आहे. कस्तुराला अशी ओळच नाही. स्वर वर चढतो, रेंगाळतो, खाली येतो आणि चाल पुरी होण्याआधीच दुसरीकडे वळतो. त्याला अक्षरे लावू पाहणारी वर्णने म्हणूनच फसतात. उपमेतला उनाड मुलगा मात्र दोन्ही गोष्टी सांगतो : आवाज माणसाच्या शिळेसारखा आहे आणि चालीला ठरावीक शेवट नाही.

उणीव आहे ती वेगळीच. भृंगराज कोतवाल इतर पक्ष्यांच्या हुबेहूब नकला करतो. केवळ उपमेच्या भरवशावर आंबोलीच्या रानात गेलेला विद्यार्थी तिथे चकू शकतो. नकल्या फार वेळ एका आवाजावर टिकत नाही. थोड्याच वेळात दुसऱ्या पक्ष्याचा किंवा स्वतःचा आवाज काढतो. कस्तूर आपल्याच शिळेत रमलेला असतो. शिवाय जागा पाहावी : झाडीतला ओढा, वेळ बहुधा पहाटेची. ओढ्याकाठी त्याची एक तीक्ष्ण, उंच पट्टीची हाकही ऐकू येते. पाण्याचा खळखळाट मुख्यतः खालच्या पट्टीत असल्याने ती त्यात बुडत नाही. ही हाक उपमेत कुठेच बसत नाही.

(आता जनुकीय अभ्यासानंतर हा 'कस्तूर' खऱ्या कस्तुरांच्या कुळातून माशीमारांच्या कुळात गेला आहे. शीळ अर्थातच तीच राहिली.)

२०२१ पासून 'मर्लिन' हे अ‍ॅप आवाज ऐकून पक्ष्याचे नाव सुचवते. सोय मोठी, पण नेमके काय ऐकायचे हे ते शिकवत नाही. त्यापेक्षा वर्गात दोन ध्वनिमुद्रणे लावावीत आणि मुलांना स्वर चढेल-उतरेल तशी वहीत रेघ काढायला सांगावे. पावशाची रेघ पायऱ्यापायऱ्यांनी चढून एकदम तुटते व पुन्हा खालून सुरू होते. कस्तुराची कशी येते, ते मुलांनाच विचारावे.