पुराणाआधीचा प्रश्न : ‘ख्रिस्तपुराण’ आणि आपली तरुण मुले

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’चे नाव निघाले की आपल्याला बहुधा एकाच स्थळाची आठवण होते. मराठी भाषेची थोरवी गाणाऱ्या त्या ओव्या आपण शाळेच्या पुस्तकांतून आणि सभा-संमेलनांच्या व्यासपीठांवरून इतक्या वेळा ऐकल्या आहेत की सारा ग्रंथ त्या चार-दोन ओव्यांतच सामावला आहे, असे वाटावे. एका परदेशी धर्मगुरूने आपल्या भाषेचे एवढे कौतुक करावे, याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु या अभिमानापायी ग्रंथाची थोडी उपेक्षाही झाली. त्याच पहिल्या अवस्वरात या पुराणाच्या जन्माची हकीकत आलेली आहे, आणि ती मात्र आपण सहसा वाचत नाही. आपल्या तरुण मुला-मुलींना प्रभूचे प्रेषित-शिष्य कसे घडवावे, हा प्रश्न आज घरोघरी आणि धर्मग्रामाच्या प्रत्येक सभेत विचारला जातो. त्या प्रश्नाच्या दृष्टीने पाहता भाषास्तुतीपेक्षा ही हकीकतच मला अधिक मोलाची वाटते.

हकीकत अगदी साधी आहे. गोव्यातील साष्टी प्रांतातल्या एका चर्चमध्ये रविवारचे धर्मशिक्षण नुकतेच आटोपले आहे. अशा वेळी एक भाविक नवख्रिस्ती पाद्रीगुरूंपुढे येतो आणि एक मागणे मागतो. आपण शिकवता ती तत्त्वे चांगली आहेत, असे तो म्हणतो. परंतु आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी वाचायला, ऐकायला, मन रमवायला आमच्या भाषेत दुसरे काही का देत नाही, असा त्याचा भाव आहे. या मागण्याला उत्तर म्हणून पुढचा सारा ग्रंथ उभा राहतो. पहिल्या पुराणात विश्वाच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याच्या प्रतीक्षेपर्यंतचा जुना करार आणि दुसऱ्या पुराणात प्रभू येशूचे चरित्र, अशा जवळजवळ अकरा हजार ओव्या १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापल्या गेल्या, कारण देवनागरीचे खिळे तेव्हा उपलब्ध नव्हते.

या प्रसंगाकडे समीक्षकाच्या दृष्टीने पाहिले असता पहिली गोष्ट ध्यानात येते ती वेळेची. हा प्रश्न धर्मशिक्षणाचा पाठ चालू असताना आलेला नाही. पाठ संपल्यानंतर आला आहे. पाठात जे सांगायचे ते सांगून झाले होते, आणि तरीही ऐकणाऱ्याच्या मनात एक जागा रिकामी राहिली होती. दुसरी गोष्ट अशी की, प्रश्न विचारणारा नास्तिक नाही, वादी नाही, श्रद्धा डळमळलेला तर मुळीच नाही. तो श्रद्धावान आहे म्हणूनच त्याला अधिक काही हवे आहे. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे, पाद्रीगुरूंनी हा प्रश्न उद्धटपणा मानला नाही. इंग्लंडमध्ये विल्टशायर परगण्यात १५४९ च्या सुमारास जन्मलेला हा येशूसंघीय १५७९ साली गोव्यात उतरला आणि १६१९ साली मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिला. त्या चाळीस वर्षांतले किती परिश्रम या ग्रंथात मुरले असतील! एका श्रोत्याच्या प्रश्नाला एवढे दीर्घ आणि एवढे प्रेमळ उत्तर आपल्या ख्रिस्ती साहित्यात क्वचितच मिळाले असेल.

आता हाच प्रश्न आपल्या घरात ऐकू येतो का, ते पाहावे. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला आपण सांगतो, मोबाइल ठेव, ती रील पाहू नकोस, त्या मुलांच्या नादी लागू नकोस, त्या उत्सवात नाचायला जाऊ नकोस. यातले काही सांगणे योग्यच असते. पण साष्टीतल्या त्या नवख्रिस्ती माणसाप्रमाणे मुलाच्या डोळ्यांतही एक प्रश्न उभा असतो : हे नको, तेही नको, मग काय? आपण बंदी घालण्यात तत्पर असतो आणि पर्याय देण्यात मंद. फादर स्टीफन्स यांनी नुसता उपदेश केला असता, तर ते गोव्यातील अनेक पाद्रींपैकी एक ठरले असते. त्यांनी पर्याय दिला, म्हणून चारशे वर्षांनंतरही आपण त्यांचे नाव घेतो.

आणि तो पर्यायही कसा, हे पाहण्यासारखे आहे. त्यांनी लोकांच्या कानात बसलेली ओवी निवडली. ज्ञानेश्वरांपासून चालत आलेल्या आणि त्यांच्याच काळात एकनाथांनी घराघरांत नेलेल्या छंदात त्यांनी ख्रिस्तचरित्र घातले. कथेच्या ओघात श्रोते मध्येच शंका काढतात, पाद्रीगुरू थांबतात, शंकेचे निरसन करतात आणि मग कथा पुढे सरकते. काही अभ्यासकांना या संवादांमुळे कथनाचा वेग मंदावतो असे वाटेल, आणि निव्वळ काव्याच्या कसोटीवर ते काही अंशी खरेही आहे. तथापि माझ्या मते याच थांब्यांत या ग्रंथाचे शिक्षणशास्त्र आहे. ज्या कथेत श्रोत्याला तोंड उघडायला जागा नाही, ती कथा तो ऐकतो, पण पुढे सांगू शकत नाही.

आपल्या धर्मशिक्षणाची मांडणी मात्र पुष्कळदा याच्या उलट असते. प्रश्न पुस्तकाचा आणि उत्तर मुलाचे. तेही पाठ केलेले. दृढीकरण संस्काराच्या आधी बिशपमहोदयांनी काय विचारले तर काय सांगायचे, याची तालीम होते. संस्कार होतो, छायाचित्रे निघतात, जेवणावळ होते आणि त्यानंतर धर्मशिक्षणाला मुलांचा रामराम! पवित्र आत्म्याच्या वरदानाने ज्या दिवशी प्रेषितकार्याला आरंभ व्हायचा, तोच दिवस निरोपसमारंभ ठरतो. प्रभू येशू स्वतः बारा वर्षांचा असताना यरुशलेमच्या मंदिरात शास्त्र्यांमध्ये बसून त्यांचे ऐकत होता आणि त्यांना प्रश्नही विचारत होता, असे संत लूक सांगतो. आपण आपल्या बारा वर्षांच्या मुलाकडून फक्त उत्तरांची अपेक्षा करतो.

पुणे जिल्ह्यातील बारामती-इंदापूरकडची परिस्थिती डोळ्यांपुढे आणली, म्हणजे या प्रश्नाची निकड अधिक कळेल. वसईसारखी सलग ख्रिस्ती वस्ती इकडे नाही. कॅथलिक कुटुंबे विरळ आणि विखुरलेली आहेत. लोणी भापकरला मल्लिकार्जुनाचे प्राचीन मंदिर, त्याची पुष्करणी आणि यज्ञवराहाचे शिल्प आहे. बारामती हे तर कविवर्य मोरोपंतांचे गाव. पन्हाळगडावर १७२९ साली जन्मलेल्या पंतांनी येथेच पुराणे सांगितली, आर्या रचल्या आणि १७९४ साली येथेच देह ठेवला. आषाढात तुकोबारायांची पालखी बारामती-इंदापूरवरून पंढरीला जाते. या परिसरात वाढणारा आपला मुलगा किंवा मुलगी याच शाळेत शिकते, याच आर्या पाठ करते, पालखीतल्या वारकऱ्यांना पाणी देते. पुढे दहावी-बारावीनंतर ती मुले पुण्याला किंवा औद्योगिक वसाहतीत जातात. तेथे त्यांना सोबतीण सहज विचारते, तुमच्यात नेमके काय असते? तुम्ही मराठीच ना? मग चर्चमध्ये का जाता? विचारणारीच्या मनात बहुधा काही वाकडे नसते. पण अशा वेळी पाठ केलेले उत्तर उपयोगी पडत नाही. तेथे स्वतःचे शब्द लागतात.

हे स्वतःचे शब्द नसतील तर मूल दोनच मार्ग धरते. एक तर ते गप्प बसते आणि हळूहळू आपली श्रद्धा रविवारच्या कपड्यांसारखी पेटीत ठेवते. किंवा ते भांडते. दोहोंपैकी कशालाही प्रेषितकार्य म्हणता येणार नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ च्या ‘एव्हांजेली गाउदियुम’ या प्रबोधनपत्रात म्हटले आहे की, बाप्तिस्मा घेतलेला प्रत्येक जण प्रेषित-शिष्य आहे. आधी शिष्य आणि कधीतरी नंतर प्रेषित, अशी वाटणी नाही. २०१९ च्या ‘ख्रिस्तुस विव्हित’मध्ये तरुणांना उद्देशून लिहिताना त्यांनी तरुण हे ख्रिस्तसभेचे केवळ भविष्य नसून वर्तमान आहेत, असे बजावले. म्हणजे आपले पंधरा वर्षांचे मूल उद्या कामाला येईल म्हणून आज सांभाळून ठेवायचे नाही. त्याचे पाचारण आजच सुरू झाले आहे.

येथवर ‘ख्रिस्तपुराणा’चे ऋण सांगितले. परंतु ग्रंथाच्या उणिवा झाकून त्याचा गौरव केला, तर तो गौरव खरा होणार नाही. पहिली उणीव काळाची आहे. ज्या सत्तेने साष्टीतील मंदिरे पाडली आणि जुनी पुराणे बंद केली, त्याच सत्तेच्या छायेत हे पुराण लिहिले गेले. त्या नवख्रिस्ती माणसाच्या मागण्यात एक हळवे दुःख दडले आहे. त्याचे काहीतरी हिरावून घेतले गेले होते. ग्रंथ त्याची गरज भागवतो, पण त्या दुःखाची चौकशी करीत नाही. शिवाय मूर्तिपूजेवर आणि जुन्या देवतांवर त्यात जी टीका येते, ती लोणी भापकरच्या मंदिराशेजारी राहणाऱ्या आपल्या मुलाच्या तोंडी घालणे योग्य होणार नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६५ सालच्या ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्राने इतर धर्मांतील सत्य आणि पावित्र्य यांचा आदर करण्यास आपल्याला शिकविले आहे. शेजाऱ्याच्या श्रद्धेचा अवमान करून सांगितलेले शुभवर्तमान शुभ राहत नाही. म्हणून फादर स्टीफन्स यांच्याकडून भाषेवरील प्रेम घ्यावे, प्रश्नाचा आदर घ्यावा आणि खंडनाचा सूर त्यांच्या काळाकडेच राहू द्यावा.

दुसरी उणीव अधिक सूक्ष्म आहे. प्रश्न विचारणारा तो माणूस ग्रंथात शेवटपर्यंत निनावी राहतो. त्याला पुराण मिळाले, पण लेखणी मिळाली नाही. सांगणारे पाद्री, ऐकणारे लोक, ही रचना मोडत नाही. आपल्या धर्मग्रामांतही हेच चालत आले आहे. मुलांसाठी आपण शिबिरे भरवतो, गाणी बसवतो, पारितोषिके देतो. पण ते सर्व मुलांसाठी असते, मुलांकडून क्वचितच. प्रेषित-शिष्य घडवायचा, तर ऐकणाऱ्याने एक दिवस सांगणारे व्हायला हवे.

तसे झाल्याचे उदाहरणही त्याच शतकात आणि आपल्याच भूमीवर सापडते. वसईचे गोन्सालो गार्सिया पंधरा-सोळा वर्षांच्या वयात येशूसंघीयांबरोबर जपानला गेले. तेथील भाषा त्यांनी आत्मसात केली आणि ते मिशनचे धर्मशिक्षक झाले. ज्या संघात प्रवेश हवा होता, तेथे तो मिळाला नाही. काही काळ त्यांनी व्यापार केला, पण पाचारणाची हाक त्यांनी सोडली नाही. पुढे मनिला येथे ते फ्रान्सिस्कन बंधू झाले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रुसावर त्यांनी रक्तसाक्ष दिली. १८६२ साली ते संतपदी आरूढ झाले. इंग्लंडचा एक तरुण आपली भाषा शिकायला इकडे आला आणि वसईचा एक मुलगा दुसऱ्यांची भाषा शिकायला तिकडे गेला. दोघांच्याही प्रेषितकार्याचा आरंभ वक्तृत्वाने नव्हे, तर ऐकण्याने झाला. आपण संत गोन्सालो यांची रक्तसाक्ष मुलांना सांगतो, ते योग्यच. पण त्यांचे पंधरावे वर्षही सांगावे, आणि नाकारले गेल्यानंतरची ती धीराची वर्षेही सांगावीत. नापास झालेल्या, प्रवेश न मिळालेल्या मुलाला त्यातून जो आधार मिळेल, तो मोठ्या प्रवचनातून मिळणार नाही.

आणखी एक गोष्ट कुटुंबांनी विशेष ध्यानात घ्यावी. १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने गोव्यातील लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे असा हुकूम काढला. ‘ख्रिस्तपुराणा’च्या पहिल्या आवृत्तीची प्रत आज कोठे सापडत नाही. तरीही ग्रंथ जगला, तो हस्तलिखितांच्या रूपाने. अशा हस्तलिखितांच्या आधारे जे. एल. साल्ढाणा यांनी १९०७ साली मंगळूर येथे त्याची आवृत्ती काढली, आणि १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी तो पुण्यातून देवनागरीत आणला. अधिकाऱ्यांनी जे जपले नाही, ते भाविकांनी जपले. श्रद्धेचा वारसा अखेर घराच्या ओसरीवरच टिकतो, याचे याहून बोलके प्रमाण कोणते?

तेव्हा करायचे काय? मोठ्या योजनांची आवश्यकता नाही. दृढीकरणाच्या वर्गात दर रविवारी पाठ संपल्यावर पंधरा मिनिटे फक्त मुलांच्या प्रश्नांसाठी ठेवावीत, आणि उत्तर ठाऊक नसेल तर पुढच्या रविवारी देऊ असे सांगून ते खरोखर द्यावे. घरी संध्याकाळच्या रोझरीनंतर त्या रविवारच्या शुभवर्तमानातील कथा मुलाने स्वतःच्या शब्दांत, आजीला कळेल अशा मराठीत सांगावी. आई-वडिलांनी मध्ये दुरुस्ती न करता ती शेवटपर्यंत ऐकावी. दृढीकरण झालेल्या मुलांकडे लहानांचा एखादा वर्ग सोपवावा. आजाऱ्याच्या भेटीला धर्मगुरूंबरोबर एका तरुणाने जावे. या अंकासारख्या त्रैमासिकांनीही दोन पाने त्यांच्यासाठी मोकळी ठेवावीत आणि त्यांचे लेखन फार शुद्ध करून त्यातला त्यांचा आवाज घालवू नये.

फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ साली अहमदनगर मिशनच्या केंदळ गावी मराठी मासिक सुरू केले, तेव्हा त्याला नाव दिले ‘निरोप्या’. प्रेषित-शिष्य या नव्या संज्ञेला इतका घरगुती मराठी शब्द दुसरा नसेल. निरोप्याला मोठे पांडित्य लागत नाही. ज्याने निरोप दिला त्याच्यावर विश्वास हवा, ज्याला निरोप द्यायचा त्याची भाषा यावी, आणि निरोप स्वतःला नीट समजलेला असावा. विश्वास ही देवाची देणगी आहे. भाषा आपल्या मुलांजवळ आहेच, आपल्यापेक्षा कदाचित अधिक ताजी. राहिली ती समज. ती प्रश्नांतून येते, आणि त्या प्रश्नांना वाट करून देणे हे आई-वडिलांचे व आम्हा धर्मगुरूंचे काम आहे.