‘स्नानयोग्य’ या संज्ञेची चिकित्सा

नदीच्या वा समुद्राच्या पाण्याची परीक्षा करून ते ‘स्नानयोग्य’ अथवा ‘स्नानास अयोग्य’ ठरविण्याची प्रथा सरकारी अहवालांतून, आणि तेथून वृत्तपत्रांतून, आता रूढ झाली आहे. इंग्रजीतील ‘बेदिंग वॉटर’ या शब्दयोजनेचे हे भाषांतर होय. मूळ शब्दात अंग धुणे, लाटांत डुंबणे व पोहणे हे सर्व अर्थ सामावतात. मराठीत मात्र त्यांची वाटणी झालेली आहे : आंघोळ घरी होते, पोहणे विहिरीत वा कालव्यात, आणि स्नान तीर्थावर. परीक्षेला अभिप्रेत असलेला धोका मुख्यत्वे डोके बुडविणाऱ्याचा आहे. त्याच्या नाकातोंडात पाणी जाते आणि जुलाब, वांती, कानाचे वा डोळ्यांचे विकार संभवतात. संज्ञेसाठी नेमका पावित्र्याशी निगडित शब्द निवडल्यामुळे आरोग्याचा प्रश्न श्रद्धेच्या प्रांतात ढकलला गेला.

केंद्र शासनाने २००० साली अधिसूचित केलेल्या मापदंडांनुसार, नदीच्या १०० मिलिलिटर पाण्यात विष्ठाजन्य कोलिफॉर्म जीवाणूंची संख्या ५०० असणे इष्ट, तर २५०० ही कमाल मर्यादा. समुद्रकिनाऱ्याच्या पोहण्यायोग्य पाण्यासाठी हाच अंक १०० आहे. खाऱ्या पाण्यात हे जीवाणू लवकर मरतात, म्हणून तेथे थोडेही आढळले तरी त्याचा अर्थ अधिक गंभीर. अमेरिकेत १९८६ पासून समुद्रासाठी कोलिफॉर्मऐवजी एंटेरोकोकाय हे जीवाणू (मर्यादा ३५) धरले गेले, कारण पोहणाऱ्यांच्या प्रत्यक्ष आजारांशी त्यांचाच मेळ अधिक चांगला बसतो असे तेथील पाहणीत दिसून आले.

येथे खरा प्रश्न चिन्ह आणि चिन्हित यांच्या संबंधाचा आहे. मोजले जाणारे बहुतेक कोलिफॉर्म स्वतः रोगकारक नसतात. ते विष्ठेचे लिंग, आणि विष्ठा ही रोगजंतूंच्या शक्यतेचे लिंग, अशी ही दुहेरी अनुमानाची साखळी आहे. ‘पर्वतावर अग्नी आहे, कारण तेथे धूर आहे’ या नैयायिकांच्या नित्याच्या उदाहरणाशी तिची तुलना उद्बोधक ठरते. दुरून दिसणारे धुळीचे वा बाष्पाचे लोट धूर म्हणून घेतल्यास अनुमान फसते. तद्वत ४४.५ अंश उष्णतेवर वाढणाऱ्या सर्वच जीवाणूंचा उगम विष्ठेत असतो असे नाही. क्लेब्सिएला वंशातील काही जीवाणू वनस्पतींवरही आढळतात, आणि उष्ण प्रदेशांतील मातीत ई-कोलाय टिकून वाढतो, हे हवाई बेटांवरील संशोधनाने दाखविले आहे. परंतु याहून घातक दोष उलट बाजूने संभवतो. धूर नाही म्हणून अग्नी नाही, असे म्हणता येत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो, हे नैयायिकांचेच प्रत्युदाहरण. क्लोरिनने कोलिफॉर्म झपाट्याने मरतात. काही विषाणू अधिक तग धरतात, आणि क्रिप्टोस्पोरिडियमच्या पुटीवर तर क्लोरिनची मात्रा जवळजवळ चालतच नाही. चिन्ह नाहीसे झाले, चिन्हित शिल्लक राहिले. ‘स्नानयोग्य’ ही संज्ञा याच अभावावर उभी असूनही तिचे रूप भावात्मक आहे. तिने वाचकाला निष्कारण आश्वस्त करावे यात नवल नाही.

संख्येचीही तीच गत. अहवालातील अंक ही मोजदाद नसते. ठरावीक नळ्यांपैकी कितींत जीवाणू वाढले यावरून काढलेली ती ‘सर्वाधिक संभाव्य संख्या’ असते, आणि खरी संख्या तिच्या तिसऱ्या हिश्शापासून तिपटीपर्यंत कोठेही असू शकते. मराठी वृत्तांतात ‘संभाव्य’ हे विशेषण प्रथम गळते आणि उरतो तो निखळ अंक. शिवाय काळाचा दोष आहेच. नळ्यांच्या पद्धतीने निकाल येण्यास दोन ते चार दिवस लागतात. तोवर पाणी वाहून गेलेले असते. तरी वाक्य वर्तमानकाळी असते : ‘पाणी योग्य आहे’. व्याकरणदृष्ट्या ‘होते’ एवढेच म्हणण्याचा अधिकार परीक्षकास असतो.

याचे ठळक उदाहरण २०२५ च्या महाकुंभात मिळाले. फेब्रुवारीत केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणास कळविले की, प्रयागराज येथील पाणी विष्ठाजन्य कोलिफॉर्मच्या बाबतीत अनेक प्रसंगी मापदंडास उतरत नव्हते. पुढच्या अहवालात मध्यक १४०० काढून तेच पाणी स्नानयोग्य ठरले. दोन्ही विधाने गणिताने खरी असू शकतात. मात्र मध्यकात कोणी बुडी मारीत नाही.

लोणी काळभोरसारख्या गावी हा विषय केवळ शब्दच्छलाचा राहत नाही. गावाच्या उत्तरेस पुण्याचे सांडपाणी पोटात घेऊन आलेली मुळा-मुठा आहे, जवळच थेऊरचे चिंतामणीचे क्षेत्र आहे. मुंढव्याच्या जॅकवेलमधून उचललेले पाणी जुन्या मुठा उजव्या कालव्यात, म्हणजे लोकांच्या ‘बेबी कॅनॉल’मध्ये, शेतीसाठी सोडले जाते. त्यास कागदोपत्री ‘शुद्धीकृत’ म्हणतात. हा शब्द प्रक्रियेचा निर्देश करतो, परिणामाचा नव्हे. पण ‘शुद्ध’ या ओळखीच्या शब्दाच्या आधाराने तो परिणामाचे रूप घेतो. जैविक प्रक्रियेने सेंद्रिय द्रव्य पुष्कळ उतरते. निर्जंतुकीकरण नीट न झाल्यास जीवाणू मात्र लाखांच्या घरात राहू शकतात. दारे धरताना गुडघाभर पाण्यात उभा राहणारा शेतकरी, आणि उन्हाळ्यात कालव्यात सूर मारणारी मुले, हे ‘स्नान’ करीत नाहीत; तेव्हा मापदंडाच्या मराठी रूपात त्यांना जागाच उरत नाही.

पर्यायी शब्दयोजना अवघड नाही. ‘पाण्यात विष्ठेचा अंश आढळला; नमुना अमुक तारखेचा; डोके बुडवू नये, पाणी तोंडात जाऊ देऊ नये’ अशी पाटी काठावर लावल्यास ती गावातील कोणासही कळेल. ‘विष्ठा’ हा शब्द सभ्य नाही म्हणून ‘मलजन्य कोलिफॉर्म’ लिहावयाचे, ही लाज अहवालाच्या वाचकापुरती ठीक. पोहणाऱ्या मुलास त्या संज्ञेतून काहीही कळत नाही.