सक्रिय वार्धक्याचे शास्त्र आणि जातीचा रकाना

'सक्रिय वार्धक्य' हा शब्दप्रयोग आता विद्यापीठांत रुळला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2002 साली माद्रिदच्या जागतिक वार्धक्य परिषदेपुढे ठेवलेल्या धोरणपत्रात त्याचे तीन खांब सांगितले होते: आरोग्य, सहभाग आणि सुरक्षितता. सक्रिय म्हणजे केवळ हातपाय चालणारा किंवा रोजगारात टिकून राहिलेला माणूस नव्हे, हेही त्यात स्वच्छ लिहिले होते. तेव्हा भांडण त्या पत्राशी नाही. या विषयात संशोधन करू पाहणाऱ्या तरुण मुलामुलींना कोणते डोळे दिले जातात, हा आमचा प्रश्न आहे.

2012 साली युरोपात सक्रिय वार्धक्याचा निर्देशांक तयार झाला. निकष 22, गट चार. पहिलाच गट रोजगाराचा: 55 ते 74 वयाची किती माणसे कामावर आहेत? जितकी जास्त, तितका तो देश पुढे. जिथे पेन्शन आहे, काम सोडण्याचा हक्क आहे, तिथे हा निकष एक वेळ समजू शकतो. पण तोच उचलून मराठवाड्यात आणला तर? सत्तरीतली म्हातारी दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते, गुडघ्यावर हात टेकून उठते, ती या हिशेबात सक्रिय ठरेल. आणि निवृत्त होऊन बागेत फिरणारा अधिकारी मागे पडेल! ती कामावर जाते कारण न जाऊन भागत नाही. केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात 2011 साली वयाची अट 65 वरून 60 वर आली, पण ऐंशीच्या आतल्या माणसासाठी केंद्राचा वाटा महिना 200 रुपयेच राहिला. राज्य त्यात भर घालते हे खरे. तरी खुरपे खाली ठेवता येईल एवढी ती भर नाही. (वस्तीत 'ज्येष्ठ नागरिक' म्हणून हाक मारली तर कोण वळून बघेल, हेही एकदा तपासावे.)

आपल्याकडे या विषयाचा मोठा आधार म्हणजे 'लासी' हे पाहणी-सर्वेक्षण. मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने 2017-18 मध्ये त्याची पहिली फेरी केली. 45 वर्षे आणि पुढच्या 72 हजारांहून अधिक माणसांची माहिती गोळा झाली. काम प्रचंड आहे आणि ते मोलाचे आहे. त्यात जातीचा रकानाही आहे. पण नव्या संशोधकाला शिकवले जाते ते हे, की वय, लिंग, शिक्षण, जात हे घटक 'नियंत्रित' करा आणि मग उरलेला परिणाम मोजा. जात नियंत्रित करा! जी दोन हजार वर्षांत कोणाच्याने नियंत्रणात आली नाही, ती संगणकावर एका ओळीत स्थिर होते आणि निबंध छापायला जातो. जिने म्हातारपण घडवले तीच हिशेबातून बाजूला सारली जाते.

आकडे नकोत असे मात्र कोणी म्हणू नये. आकडे आमचेही हत्यार आहे. नऊ राज्यांतील माहितीवर 2022 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवले की सवर्ण हिंदूंच्या तुलनेत दलितांचे आयुर्मान तीन वर्षांहून अधिक आणि आदिवासींचे चार वर्षांहून अधिक कमी आहे, आणि हे अंतर केवळ गरिबीने समजावून सांगता येत नाही. याचा अर्थ असा, की साठीच्या पुढची जी माणसे पाहणीत सापडतात ती वाचलेली माणसे आहेत. जी आधीच गेली त्यांच्यासाठी प्रश्नावली नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची 2019 साली शासकीय समितीने चौकशी केली. त्यांतल्या कित्येकींचे म्हातारपण पस्तिशीतच सुरू झालेले असते. पंचेचाळिशीपासून मोजणाऱ्याला ते दिसणार कसे?

त्याच देवनारात 1927 पासून मुंबईचा कचरा साठतो आहे. तिथे भंगार वेचणाऱ्या बाईला निवृत्तीविषयी काय विचारायचे, आणि विचारताना कुठे बसायचे, हे कोणत्या वर्गात शिकवतात?

हे शिक्षण आपल्याकडे झालेले आहे. मीनाक्षी मून आणि उर्मिला पवार यांचे 'आम्हीही इतिहास घडवला' 1989 साली आले. आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना शोधत त्या दोघी घरोघर गेल्या. नागपूरच्या 1942 च्या महिला परिषदेची पिढी तेव्हा साठीकडे झुकली होती किंवा ती ओलांडून गेली होती. या बायकांचा 'सहभाग' युरोपच्या रकान्यांत कसा बसवायचा? तिथे सहभागात स्वयंसेवी काम आहे, नातवंडे सांभाळणे आहे, राजकीय कृतीही आहे. पण सभेला जाण्यासाठी घरातल्यांशी घेतलेले भांडण कशात धरायचे? संशोधनपद्धतीच्या वर्गात हे पुस्तक नेमले पाहिजे. चळवळीचा इतिहास म्हणून ते वाचले जातेच, म्हाताऱ्या बाईशी बोलावे कसे याचा पाठ म्हणूनही वाचावे.

शेवटी वयाचीच गोष्ट घ्या. निरक्षर माणसे वय सांगताना पन्नास, साठ असे गोळाबेरीज आकडे सांगतात. लोकसंख्याशास्त्रात याला दोष म्हणतात. तो मोजायला व्हिपलचा निर्देशांक आहे. विद्यार्थी तो दोष मोजायला शिकतो. पण म्हातारीला निवृत्तिवेतन मिळते ते वयाच्या दाखल्यावर, आणि दाखल्यावरचे वय कुणी तरी अंदाजाने टाकलेले असते. वस्तीतून आलेली विद्यार्थिनी तिला वय विचारत नाही. ती विचारते, आजी, दीक्षेच्या साली तू केवढी होतीस? आजी सांगते, फ्रॉकात होते. आणि बहात्तरच्या दुष्काळात? तेव्हा थोरला कडेवर होता, खडी फोडायला जात होते.